गावात एसटी पाहिजे? अर्ज कुठं अडते ते आधी वाचा

नवी फेरी मागा की बंद पडलेली, छापील फॉर्म वगैरे काही नसते. साध्या कागदावर आगार व्यवस्थापकाच्या नावानं अर्ज, सोबत ग्रामसभेचा ठराव. एवढं सगळेच करतात, तरी आमच्या पट्ट्यातले अर्ज दरवर्षी परत येऊन राहिले.

सगळ्यात जास्त रडवते तो रस्ता बसयोग्य असल्याचा दाखला. हा कोणाजवळच नसते. ग्रामसेवक म्हणते बांधकामकडे जा, बांधकामवाले म्हणतात हा रस्ता आमचा नाही. म्हणून आधी रस्ता कोणाचा ते पाहा. राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असला तर सार्वजनिक बांधकाम, इतर जिल्हा मार्ग नाहीतर ग्रामीण मार्ग असला तर जिल्हा परिषदेचं बांधकाम, अन् पंतप्रधान ग्राम सडकचा असला तर त्या योजनेचं ऑफिसच वेगळं. चुकीच्या दारात बसलात तर दोन महिने गेलेच समजा.

मग बस वळायची जागा. आमच्याकडं एसटीची सर्वेला जीप आली, पारापाशी गर्रकन वळली, सगळे खूश. पहिल्या दिवशी बस आली तर आरसा पत्र्याला घासला, मागचं चाक नालीत जाता जाता राहिलं, आठ दिवसांत फेरी फाट्यावरच थांबायला लागली. जागा टेपनं मोजा बापा, पावलांनी नाही, वर लोंबलेली वायरही पाहा, अन् कोणती जागा ते ठरावातच लिहा.

तारखेचा घोळ तर नेहमीचाच. उन्हापायी आपल्या विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, अन् लोक तेव्हा अर्ज घेऊन धावतात. तोवर आगारात गाड्या, ड्युट्या सगळं लागून गेलेलं असते. मार्च-एप्रिलमध्येच द्या.

"भारमान नाही", म्हणजे गाडी भरण्याइतके प्रवासी नाहीत, हे उत्तर मिळतेच. लोक प्रवाशांच्या यादीत बारावीपर्यंतच्या पासवाल्या पोरी अन् ७५ च्या वरचे म्हातारे लिहीतच नाहीत, म्हणे ते तर फुकट. अहो, सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देते, १७ मार्च २०२३ पासून बायांचं तिकीट अर्धं झालं त्याचेही. सगळे लिहा, कोण कोणत्या वेळी जाते तेही लिहा.

अन् अर्ज टेबलावर ठेवून घरी येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर अन् शिक्का घ्याच, साहेब जेवायला गेले असतील तर बसून राहा. तो नंबर असला की पुढं १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचारता येते, अर्जाचं काय केलं म्हणून, अन् ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागते.