एनएचएलचे जनरल मॅनेजर: खेळाडूंची कॉन्ट्रॅक्ट आणि ट्रेड

एनएचएल म्हणजे नॅशनल हॉकी लीग, बर्फावरच्या हॉकीची जगातली सगळ्यात मोठी लीग. एकूण 32 टीम, त्यातल्या 25 अमेरिकेत आणि 7 कॅनडात. प्रत्येक टीमला एक जनरल मॅनेजर असतो, तिकडे सगळे त्याला जीएमच म्हणतात. आज रात्री बर्फावर कोण उतरणार हे कोच ठरवतो, पण मुळात टीममध्ये कोण असणार, किती वर्षं आणि किती पैशात, हे सगळं जीएमच्या हातात. आपल्याकडे आयपीएलमुळे खेळाडू घेणं म्हटलं की लिलावच डोळ्यासमोर येतो, इथे तसला काही प्रकार नाही, सगळं फोनवर आणि वर्षभर चालू असतं, समोर खेळाडूचा एजंट तरी असतो नाहीतर दुसऱ्या टीमचा जीएम.

पूर्वी हे काम म्हणजे खेळाडूची पारख आणि थोडी लबाडी, बस. याचा बादशहा म्हणजे मॉन्ट्रियलचा सॅम पोलॉक, 1964 ते 1978 मध्ये 9 स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची ट्रॉफी. त्याचा किस्सा असा की 1971 च्या ड्राफ्टमध्ये (दरवर्षीची नवीन पोरांची निवड, टीम पाळीपाळीने एकेक उचलतात, ती पाळी म्हणजे पिक, आणि तेव्हा पहिली पाळी तळाच्या टीमची) गी लाफ्लर नावाचा जबरदस्त पोरगा येणार हे त्याला आधीपासून माहीत होतं, म्हणून त्याने कॅलिफोर्नियाच्या सील्सकडून त्यांचा त्या वर्षीचा पहिला पिक आधीच काढून घेतला. सील्स शेवटचे आले तरच तो पिक एक नंबरचा ठरणार. पण सीझन चालू झाल्यावर लॉस एंजेलिस त्यांच्यापेक्षाही वाईट खेळायला लागलं, तेव्हा पोलॉकने आपला राल्फ बॅकस्ट्रॉम लॉस एंजेलिसला देऊन टाकला, त्यांची गाडी थोडी वर सरकली, सील्स तळाला राहिले आणि लाफ्लर मॉन्ट्रियलला. 1988 साली तर एडमंटनच्या मालकाने लीगचा सगळ्यात मोठा स्टार वेन ग्रेट्झकीलाच लॉस एंजेलिसला धाडलं, बदल्यात खेळाडू, तीन पहिल्या फेरीचे पिक आणि वर दीड कोटी डॉलर रोख. कॅनडाच्या एका खासदाराने सरकारने हा सौदा थांबवावा अशी मागणी केली होती, इतका गहजब.

2005 नंतरचं गणित

पैशावरून मालक आणि खेळाडूंच्या युनियनचं इतकं फाटलं की 2004-05 चा सीझन अख्खा रद्द झाला. त्यातून आली सॅलरी कॅप, म्हणजे एका टीमने खेळाडूंवर जास्तीत जास्त किती खर्च करायचा याची मर्यादा. पहिल्या वर्षी ती 3 कोटी 90 लाख डॉलर होती, 2025-26 ला 9 कोटी 55 लाख. मधे कोविडमुळे सलग तीन सीझन 8 कोटी 15 लाखांवरच अडकली होती. खालूनही एक मर्यादा आहे, ठरलेल्या रकमेपेक्षा कमी खर्च करूनही चालत नाही, ही गोष्ट पुढे फार कामाला येते.

तेव्हापासून माझ्या मते जीएमचं खरं भांडवल खेळाडू नाहीतच, कॅपखाली शिल्लक असलेली जागा हेच भांडवल आहे. जवळजवळ प्रत्येक सौदा शेवटी या जागेचाच असतो, खेळाडू फक्त त्यावर बसून इकडून तिकडे जातो.

कॅपमध्ये खेळाडूचा त्या वर्षीचा पगार धरत नाहीत, पूर्ण कॉन्ट्रॅक्टची सरासरी धरतात. मग लोकांनी पळवाट काढलीच, कॉन्ट्रॅक्ट लांबच लांब करायचं, सुरुवातीला भरपूर पैसे द्यायचे आणि शेवटची पाचसहा वर्षं चिल्लर, म्हणजे सरासरी आपोआप खाली. न्यू जर्सीने 2010 मध्ये इल्या कोवालचुकला 17 वर्षांचं 10 कोटी 20 लाखांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, ते संपताना तो 44 वर्षांचा असता. लीगने ते फेटाळलं, मग 15 वर्षांचं 10 कोटींचं झालं, वर टीमला 30 लाखांचा दंड. आणि एवढं करून हा पठ्ठ्या 2013 ला निवृत्ती जाहीर करून रशियाला खेळायला गेला. त्याच वर्षी लीग आणि युनियनच्या नव्या करारात कॉन्ट्रॅक्टला कमाल मुदत आली, स्वतःच्या खेळाडूला 8 वर्षं आणि बाहेरच्याला 7.

खेळाडूच्या बाजूने बघितलं तर सुरुवातीची वर्षं टीमचीच. अठराव्या वर्षी ड्राफ्ट झालेल्या पोराचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट 3 वर्षांचं आणि पगाराला ठरलेली कमाल मर्यादा, म्हणून स्वस्तात मिळालेला चांगला पोरगा म्हणजे जीएमची चैन. ते संपलं तरी त्याच्यावरचा हक्क टीमकडेच राहतो, पूर्ण मोकळा तो साधारण 27 व्या वर्षी किंवा 7 सीझन झाल्यावर होतो, मग 1 जुलैला बाजार उघडला की कुठेही जाऊ शकतो. मधल्या काळात दुसरी टीम त्याला ऑफर शीट देऊ शकते, त्यावर त्याने सही केली की जुन्या टीमकडे 7 दिवस, तेवढे पैसे द्या नाहीतर त्याला सोडा आणि भरपाई म्हणून ड्राफ्टचे पिक घ्या.

हे हत्यार फार कमी वापरलं जातं, कारण जीएम लोकांचं वर्तुळ छोटं आहे आणि उद्या त्याच माणसाशी ट्रेड करायचा असतो. 2007 मध्ये एडमंटनचा जीएम केविन लो याने ॲनाहाइमच्या डस्टिन पेनरला असं पळवलं तेव्हा ॲनाहाइमचा जीएम ब्रायन बर्क एवढा भडकला की कुठलं तरी कोठार भाड्याने घेऊन लोशी मारामारी करायची त्याची तयारी होती, हे तो स्वतःच नंतर सांगायचा! 2024 च्या ऑगस्टमध्ये पाळी एडमंटनवर आली. दोन महिन्यांपूर्वीच फायनल हरलेली टीम, कॅप पूर्ण भरलेली, आणि सेंट लुइसच्या डग आर्मस्ट्राँगने फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे या दोन पोरांना एकाच दिवशी ऑफर शीट दिल्या. एडमंटनने दोघांनाही सोडलं, हातात आला एक दुसऱ्या फेरीचा आणि एक तिसऱ्या फेरीचा पिक. जागा नसली की काय होतं ते इथे दिसतं.

चुकलेलं कॉन्ट्रॅक्ट

एनएचएलमधलं कॉन्ट्रॅक्ट साधारणपणे पक्कं असतं, खेळाडू उतरला म्हणून पगार बंद करता येत नाही. काढायचंच असेल तर बायआउट, उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश (26 च्या आतला असेल तर एक तृतीयांश) द्यायचे आणि तेही उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात. याचं सगळ्यात मोठं उदाहरण मिनेसोटा. 4 जुलै 2012 ला त्यांनी झॅक परिझे आणि रायन सूटर दोघांना एकाच दिवशी सारखंच कॉन्ट्रॅक्ट दिलं, 13 वर्षं, प्रत्येकी 9 कोटी 80 लाख. गावात दिवाळी. 2021 ला नवीन जीएम बिल गेरिनने दोघांचं एकदम बायआउट केलं आणि मग 2023-24 आणि 2024-25 या दोन सीझनला 1 कोटी 47 लाखांची जागा टीममध्ये नसलेल्या दोन माणसांनी खाल्ली, कॅपच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त. थोडी रक्कम अजून 2028-29 पर्यंत चालूच राहणार आहे. तरी त्या वर्षांत टीम अगदी कोसळली नाही, आणि मोठा भार उतरल्यावर सप्टेंबर 2025 मध्ये याच गेरिनने किरिल कप्रिझोव्हला 8 वर्षांचे 13 कोटी 60 लाख दिले, लीगच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं कॉन्ट्रॅक्ट. घ्या!

दुसरा मार्ग म्हणजे हे लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात बांधणं, आणि खालची मर्यादा कामाला येते ती इथे. ॲरिझोनाला खरा पैसा खर्च करायचा नव्हता पण आकडा तर भरायचा होता, म्हणून ते असली मेलेली कॉन्ट्रॅक्ट घ्यायचे, कॅपमध्ये आकडा मोठा पण खरा पगार थोडा किंवा शून्य. ख्रिस प्राँगर 2011 नंतर एकही मॅच खेळला नव्हता, लीगच्याच प्लेयर सेफ्टी विभागात नोकरी करत होता, 2015 मध्ये दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्येही गेला, आणि कागदावर मात्र तो ॲरिझोनाचा खेळाडू. पुढच्या वर्षी डेट्रॉइटचा पावेल दात्सुक रशियाला परत निघाला तेव्हा त्याचे कॅपवरचे 75 लाखही ॲरिझोनाने घेतले, त्या बदल्यात ड्राफ्टमध्ये वीसवरून सोळाव्या नंबरवर चढले आणि तिथे जेकब चिकरन उचलला, जो पुढे चांगला डिफेन्समन निघाला. हुशारीच म्हणायची, प्रेक्षकांना काय वाटलं असेल ते सोडा.

ट्रेड

दोन जीएमचं फोनवर जमलं की लीगच्या सेंट्रल रजिस्ट्रीत कॅप, कॉन्ट्रॅक्टच्या अटी सगळं तपासलं जातं, तिथून होकार आला की ट्रेड झाला. अनेक मोठ्या खेळाडूंच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नो-ट्रेड किंवा नो-मूव्हमेंटची अट असते, म्हणजे त्याची परवानगी नसेल तर जीएम काही करू शकत नाही, अशी अट वाटताना सगळे उदार असतात आणि तीन वर्षांनी कपाळाला हात लावतात. पाठवताना पगारातला 50 टक्क्यांपर्यंतचा वाटा स्वतःकडे ठेवता येतो, एका वेळी अशी तीनच कॉन्ट्रॅक्ट चालतात. शेवटची तारीख बहुतेक वेळा मार्चच्या सुरुवातीला असते आणि कॅनडात त्या दिवशी टीव्हीवर दिवसभर हेच चालू असतं, टोरांटो-मिसिसागाकडच्या मराठी लोकांच्या ऑफिसातही त्यातून सुटका नाही.

सगळं एकत्र बघायचं तर मिको रँटनन. त्याचं कॉन्ट्रॅक्ट 2025 च्या उन्हाळ्यात संपणार होतं, कोलोराडोशी आकडा जुळेना, म्हणून 24 जानेवारीला त्यांनी त्याला कॅरोलायनाला पाठवलं. शिकागो त्या ट्रेडमध्ये तिसरी टीम, त्यांनी त्याचा निम्मा पगार आपल्या अंगावर घेतला. कॅरोलायनाचा जीएम एरिक टुल्स्की, मूळचा केमिस्ट्रीतला डॉक्टरेट माणूस, त्याने नवीन कॉन्ट्रॅक्टसाठी प्रयत्न केले पण पठ्ठ्या सही करेना, फुकट जाण्यापेक्षा म्हणून 7 मार्चला डॅलसला ट्रेड, बदल्यात लोगन स्टँकोव्हन, दोन पहिल्या आणि दोन तिसऱ्या फेरीचे पिक. डॅलसने लगेच 8 वर्षांचे 9 कोटी 60 लाख दिले. आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत समोर आलं कोलोराडो, मे महिन्यात सातव्या मॅचच्या शेवटच्या पिरियडमध्ये रँटननने हॅटट्रिक मारून आपल्याच जुन्या टीमला घरी पाठवलं. तरी कोलोराडोला या व्यवहारात मिळालेला मार्टिन नेचस काही कमी नाही, त्यामुळे नक्की कोण फसलं यावर अजून भांडणं चालू आहेत.

पळवाटा अर्थात बंद होत राहतात. दीर्घ दुखापतीतल्या खेळाडूच्या रकमेएवढं कॅपच्या वर जाता येतं आणि प्लेऑफमध्ये कॅपच नव्हती, याचा फायदा घेऊन टॅम्पाने 2021 मध्ये अख्खा रेग्युलर सीझन बाहेर असलेला निकिता कुचेरोव्ह थेट प्लेऑफमध्ये उतरवला, कप जिंकला आणि हा गडी 'कॅपच्या 1 कोटी 80 लाख वर' असं छापलेला टीशर्ट घालून फिरला. 2025-26 पासून प्लेऑफमध्येही त्या मॅचला उतरणाऱ्या खेळाडूंना कॅप लागू झाली, आणि सप्टेंबर 2026 पासूनच्या नव्या करारात कॉन्ट्रॅक्टची कमाल मुदत स्वतःच्या खेळाडूला 7 आणि बाहेरच्याला 6 वर्षं.