दार कुठल्या बाजूला होतं?

समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळच्या पिंपळखुटा शिवारात 1 जुलै 2023 रोजी रात्री दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी स्लीपर बस उलटली आणि पेटली. आत 33 जण होते, 25 गेले. पुढचे काही दिवस सगळी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली: टायर फुटला की ड्रायव्हरला डुलकी लागली? ड्रायव्हर म्हणत होता टायर फुटला. परिवहन विभागाच्या पाहणीत तसा पुरावा मिळाला नाही. कोर्टात हा वाद महत्त्वाचा आहेच. पण गाडी पडली ती डाव्या कुशीवर, आणि आपल्याकडे बसचं दार डावीकडेच असतं. चढ-उताराची एकमेव वाट रस्त्याशी दाबली गेली. वाचलेल्यांपैकी काही जण काच फोडून बाहेर पडले. मृतदेह ओळखू येत नव्हते, म्हणून बुलढाण्यात 24 जणांवर एकत्रच अंत्यसंस्कार करावे लागले.

अपघात का झाला आणि इतकी माणसं का मेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ड्रायव्हरपाशी जाऊन थांबतं. दुसऱ्याचं उत्तर गाडीच्या बांधणीत असतं आणि तिथपर्यंत आपण क्वचितच पोचतो.

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासूनची एसटी म्हणजे बसून जायची गाडी. ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ ही लाल अक्षरातली ओळ वाचत दोन-तीन पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. त्या दाराची कडी गंजलेली असेल, पण दार कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. खासगी ट्रॅव्हल्स वाढल्या, रात्रीत सातशे-आठशे किलोमीटर कापायची सवय लागली आणि बसण्याच्या जागी झोपणं आलं. विदर्भातून पुण्याला शिकायला किंवा नोकरीला आलेल्या पोरांसाठी ती सोय नव्हे, गरज होती. रेल्वेचं तिकीट दिवाळीत कुणाला मिळतं?

स्लीपर बसमध्ये आत शिरून बघितलं की अडचण समजते. एका बाजूला दुहेरी बर्थ, दुसऱ्या बाजूला एकेरी, मध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. दोन जण समोरासमोर आले की एकाला बर्थमध्ये अंग चोरावं लागतं. वरच्या बर्थवरून उतरायला दोन पायऱ्यांची लोखंडी शिडी. अंधारात पाय चाचपडतच खाली येतो. प्रत्येक बर्थला पडदा किंवा सरकतं दार, खाली फोमची गादी, भिंतीला रेक्झिन. एसीमुळे काचा कायमच्या बंद. काच फोडायची हातोडी असलीच तर पडद्यामागे. आपत्कालीन खिडकी नियमाप्रमाणे असते, पण तिच्यापुढे कुणाचा तरी बर्थ असतो आणि त्यावर कुणीतरी झोपलेलं असतं. आता हीच गाडी एका कुशीवर आडवी पडली आहे असं समजा. शिडी आडवी, वाट आडवी, आणि वरची काच डोक्याच्याही वर.

धोका काही समृद्धीवर पहिल्यांदा उघड झाला नाही. 30 ऑक्टोबर 2013 रोजी बंगळुरूहून हैदराबादला जाणारी एसी बस महबूबनगर जिल्ह्यात पालेमजवळ मोरीच्या कठड्याला घासली, डिझेलची टाकी फुटली आणि 45 जण जळून गेले. दोन आठवड्यांनी, 14 नोव्हेंबरला, बंगळुरू-मुंबई बस हावेरीजवळ पेटली आणि सात जण गेले. त्याही आधी चीनने एक निर्णय घेऊन टाकला होता. जुलै 2011 मध्ये हेनान प्रांतात स्लीपर बसला आग लागून 41 जण मेले. बसमध्ये ज्वलनशील रसायन चढवलेलं होतं. मार्च 2012 पासून तिथे नव्या स्लीपर बसची नोंदणीच थांबवण्यात आली. पुढे लांब पल्ल्याच्या बसनी पहाटे दोन ते पाच थांबावं असाही दंडक आला. आपल्याकडे बंदी घाला असं मी म्हणणार नाही. यवतमाळच्या माणसाने मग मुंबई गाठायची कशी? पण प्रश्न निदान विचारायला हवा होता.

आपल्याकडे नियम झाले नाहीत असं नाही. बसच्या बॉडीसाठी एआयएस-052 ही संहिता आहे, स्लीपरसाठी वेगळी एआयएस-119 आहे. जानेवारी 2022 मध्ये केंद्राने लांब पल्ल्याच्या बसच्या प्रवासी कक्षातही आगीची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची करण्याची अधिसूचना काढली. गोम अशी की असे नियम नव्याने तयार होणाऱ्या गाड्यांना लागतात. बस पंधरा वर्षं सहज पळते.

त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला पहाटे नाशिकच्या मिरची हॉटेल चौकात यवतमाळहून मुंबईला निघालेली बस ट्रेलरला धडकून पेटली आणि 12 जण गेले. क्षमतेपेक्षा जास्त माणसं आत होती. नंतर चौकातली अतिक्रमणं हटली, गतिरोधक आले, ब्लॅक स्पॉटच्या याद्या निघाल्या. चौक दुरुस्त झाला, चांगलंच झालं. बसच्या आतलं काही बदललं नाही.

ड्रायव्हरची बाजूही नीट बघायला हवी. नोव्हेंबर 2025 पर्यंत 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा लागू होता: दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. एसटीत ड्युटीचा कागद असतो, युनियन असते, 25 वर्षं विनाअपघात सेवेचा सत्कार असतो. खासगी गाडीत दोन ड्रायव्हर असले तरी दुसरा नेमका किती झोपला याची नोंद कोण ठेवतं? आणि समृद्धीसारख्या सरळसोट रस्त्यावर, जिथे ना वळण ना गाव, जागा असलेला माणूसही गुंगतो.

चूक नेहमी बसवाल्याचीच असते असंही नाही. 15 ऑक्टोबर 2023 रोजी वैजापूरजवळ, समृद्धीवरच, सैलानीबाबांच्या दर्शनाहून नाशिकला परतणाऱ्या भाविकांची मिनीबस ट्रकवर आदळली आणि 12 जण गेले. तो ट्रक आरटीओच्या पथकाने महामार्गावर थांबवलेला होता. दोन अधिकाऱ्यांना अटक झाली.

सावित्री नदीवरच्या पुलाचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण तिथे वेगळं घडलं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, त्याबरोबर जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गेल्या. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. पूल सरकारचा होता आणि तो कुणी बांधायचा याबद्दल वाद नव्हता. खासगी स्लीपरचं तसं नाही. चॅसी एकाची, बॉडी दुसऱ्याची, नोंदणी नागालँडची किंवा दमणची, मालक तिसऱ्याच शहरातला, पासिंग भलत्याच आरटीओत. रोजची फेरी मात्र आपल्या रस्त्यावर.

ऑक्टोबर 2025 मध्ये दहा दिवसांत दोन बस जळल्या. 14 तारखेला जैसलमेर-जोधपूर मार्गावर, नुकतीच एसी करून घेतलेली बस पेटली आणि वीसहून अधिक जण गेले. 24 ला पहाटे कर्नूलजवळ हैदराबाद-बंगळुरू बसखाली मोटरसायकल अडकली, फरफटली आणि आग लागली. 19 प्रवासी आणि तो मोटरसायकलस्वार मेले. बसच्या डिकीत स्मार्टफोनचं मोठं पार्सल होतं. कर्नूलची ती गाडी आधी दमण-दीवमध्ये नोंदलेली, मग ओडिशात गेलेली. आत सगळे बर्थ होते. तपासात निघालं की मंजुरीच्या कागदावर ती सीटर होती.