बटाट्याचा व्हायरस गोणीतूनच येतो

सिन्नरकडे मामांचं वावर आहे, मेन पीक कांदा अन् टोमॅटो, आणि विहिरीच्या कडेला अर्धा एकर बटाटा. मागच्या थंडीत गेलो तर मामा म्हणाले, बघ रे जरा, तू सायन्सवाला ना. झाडं गुडघ्यालाही लागत नव्हती, खालची पानं वर वळून पुंगळी झालेली आणि हात फिरवला तर पापडासारखी कडक, चक्क कुरकुर वाजत होती. पाणी कमी पडलं की पान मऊ पडून लोंबतं, हे तसं नव्हतं. तोवर दुकानातनं दोन बाटल्या आणून मारून झाल्या होत्या, "व्हायरसवर जबरदस्त रिझल्ट" म्हणे, रिझल्ट शून्य. मामांचं निदान वेगळंच. तीन वर्षं घरचंच बेणं लावतोय, बेणं म्हातारं झालं.

मला हे म्हातारं लई आवडलं, कारण अठराव्या शतकात ब्रिटनमधले शेतकरीही असंच काहीतरी समजायचे. तिकडं बटाट्याची पानं वळायची, माल दरवर्षी बारीक होत जायचा, आणि स्कॉटलंडच्या थंड भागातून नवं बेणं आणलं की परत पीक झकास. का ते कुणालाच कळेना, कळणार तरी कसं, व्हायरस नावाचं काही असतं हेच मुळात १८९० च्या दशकात तंबाखूच्या पानांवरून समजलं. पानं गुंडाळणारा हा रोग एका झाडाचा दुसऱ्याला लागतो हे तर पहिल्या महायुद्धाच्या आसपास हॉलंडमध्ये क्वांजर नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवलं. तर म्हातारं-बितारं काही नाही. बटाटा आपण कंद लावून वाढवतो, म्हणजे प्रत्येक झाड हे मागच्या झाडाचाच तुकडा, आणि मागच्याच्या अंगात जे होतं ते सगळं पुढच्याच्या अंगात. पहिल्या वर्षी शंभरात चार-पाच झाडं आजारी असली तर लक्षही जात नाही, त्यांच्यावरनं शेजारची बिघडतात, आणि सगळ्यांचे बारके कंद बेण्याला ठेवले की झालं.

आता पान वाजतं का? पानात तयार झालेली साखर खाली कंदाकडं नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, हा लीफ रोल व्हायरस नेमका त्या नळ्यांतच राहतो आणि त्या निकामी करतो. माल वरच अडकतो, पानात स्टार्च साचतो, पान जाड अन् ठिसूळ. वर पापड, खाली गोट्या.

दुसरा मोठा त्रास म्हणजे पोटॅटो व्हायरस वाय. हा धाग्यासारखा असतो, लांबी साधारण ७३० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात असे तेराशेहून जास्त धागे एकापुढे एक मावतील. पानावर फिकट-गडद चट्टे, सुरकुत्या. ह्याचा एक जोडीदार आहे, व्हायरस एक्स, तो एकटा असला की बऱ्याचदा कळतही नाही पण वाय बरोबर आला की पीक पार बसवतो. एक्सला पसरायला किड्याची गरज नाही, बेणं कापायचा विळा, ट्रॅक्टरचं चाक, आपली पँट, काहीही चालतं. एक आजारी कंद कापला की त्याच विळ्यानं पुढच्या किती फोडींना रस लागतो ते बघा.

लीफ रोल आणि वाय हे दोन्ही मुख्यतः माव्यावरनं, म्हणजे पानाचा रस पिणाऱ्या बारक्या किड्यावरनं, पसरतात, पण दोघांची पद्धत वेगळी आणि बाटल्यांचं गणित तिथंच चुकतं. लीफ रोल घ्यायला माव्याला काही तास बसून रस प्यावा लागतो, मग तो व्हायरस पोटातून रक्तात, रक्तातून लाळेत, आणि एकदा तिथं पोचला की तो मावा मरेपर्यंत रोग वाटत फिरतो. एवढा वेळ असल्यामुळं इथं कीटकनाशक वेळेवर मारलं तर पसरणं कमी होतं. वायचं तसं नाही राव, तो माव्याच्या सोंडेच्या टोकाला नुसता चिकटतो, मावा पानावर बसला, काही सेकंद टोचून चव बघितली, आवडलं नाही, उडाला, पुढच्या झाडाला टोचलं, काम झालं. औषधानं तो मरेपर्यंत तीन-चार झाडं फिरून झालेली असतात. वायसाठी मिनरल ऑइल फवारतात, त्यानं व्हायरस सोंडेला नीट चिकटत नाही, आणि कडेनं मक्याच्या ओळी लावतात, बाहेरून आलेला मावा आधी मक्याला टोचतो आणि त्याची सोंड तिथंच पुसली जाते. झाडाच्या आत गेलेला व्हायरस मारणारं औषध मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही, लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

म्हणून खरी लढाई बेण्याची. आपल्याकडं पंजाबचं बेणं येतं ते उगाच नाही. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेत पुष्करनाथ यांनी १९५९ मध्ये सीड प्लॉट टेक्निक मांडलं, त्याआधी बेण्यासाठी डोंगराकडं बघावं लागायचं. आयडिया एकदम साधी, उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर मावा कमी असतो, तेवढ्यात पीक घ्यायचं, आणि शंभर पानांवर वीस मावे दिसायच्या आत पाला कापून टाकायचा. पालाच नाही तर मावा टोचणार कुठं. कंद जमिनीतच १५-२० दिवस साल पक्की व्हायला ठेवायचे, मग काढून कोल्ड स्टोरेजला. सुरुवातीचं बेणं तर टिश्यू कल्चरचं, केळीत जी-नाइन आपल्याला माहितीये तसंच. कोंबाचं अगदी टोक, मिलिमीटरपेक्षाही कमी, तिथंवर व्हायरस सहसा पोचलेला नसतो, तेवढंच कापून बाटलीत वाढवतात. १९५५ मध्ये फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी असा निरोगी बटाटा करून दाखवला होता.

आपल्याकडं बेणं घरी राखणं त्यामानानं अवघड, शेजारी बारा महिने टोमॅटो, मिरची, वांगी, मावा अन् पांढरी माशी हलायचं नाव घेत नाहीत. (पांढरी माशी शेंड्याची पानं वळवणारा वेगळाच व्हायरस आणते, तो टोमॅटोच्या बोकड्याचा भाऊबंद.) तेव्हा निळा टॅग बघून सर्टिफाइड बेणं घ्यायचं, दर वर्षी नाही तर एकाआड एक वर्ष तरी.

मामांना मी आजारी झाडं उपटायला लावली, खालच्या कंदासकट, आणि बांधावर न फेकता गोणीत भरून बाहेर, कारण बांधावर टाकलं की मावा उतरून परत वावरात. खरं तर हे झाडं वीतभर असतानाच करायचं, तेव्हा फार उशीर झाला होता. मामींना वेगळीच काळजी, हे खाल्लं तर चालतं ना रे? २०२० मध्ये टोमॅटोच्या तिरंगा व्हायरसनं लोकांना लई घाबरवलेलं. म्हटलं मामी, झाडाचा व्हायरस माणसाला लागत नाही, बिनधास्त खा.

काढणी झाली तेव्हा मामांनी सवयीनं बारके कंद वेचून कोपऱ्यात ठेवले होते, पुढच्या बेण्याला. संध्याकाळी बघतो तर ती गोणी मामींनी उचलून चुलीजवळ नेलेली आणि अर्धे उकडायला टाकलेले.