पू वेगळा, पिशवी वेगळी
"डॉक्टर, मागच्या वर्षी दाढेला सिस्ट झाली होती. पाच दिवस गोळ्या घेतल्या, गेली." हे ऐकलं की मी हातातला आरसा खाली ठेवतो. सिस्ट म्हणजे हाडात वाढणारी, स्वतःचं अस्तर असलेली पिशवी; ती गोळ्यांनी जात नाही. तुमचं ते बहुधा गळू होतं, आणि तेही गेलेलं नाही.

गळू कुणाला समजावून सांगायला नको. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचते, नस मरते, जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथे पू साठतो. ठणका, सुजलेला गाल, घास चावला की डोक्यात कळ. ज्याने एक रात्र काढली आहे त्याला बाकीचं पाठ आहे. एकच सांगतो, गालाला गरम शेक देऊ नका. आणि सूज जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, श्वास लागला, तर दवाखान्याची वेळ बघत बसू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

सिस्टही बहुतेकदा अशाच मेलेल्या दातापाशी सुरू होते, म्हणून घोटाळा होतो. दात घडत असताना मुळाभोवती पेशींचं एक आवरण असतं. मूळ तयार झालं की ते विरतं, पण त्याचे बारीक पुंजके तिथेच पडून राहतात. मालासेझ या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखले जातात. मेलेल्या दाताच्या टोकाशी दाह धुमसत राहिला की हे झोपलेले पुंजके जागे होतात, वाढतात आणि त्यांची पिशवी बनते. तिला स्वतःचं अस्तर असतं. आतला द्रव भोवतालचं पाणी ओढून घेतो, दाब वाढतो, हाड झिजतं आणि पिशवी वर्षानुवर्षं बिनबोभाट फुगत राहते. गळवात पू नुसता साठतो, सिस्ट मात्र स्वतः वाढते. सगळा फरक त्या अस्तरात आहे. अँटिबायोटिक जंतूंना मारतं. अस्तराला त्याचं सोयरसुतक नाही.

मग गोळ्यांनी बरं कसं वाटलं? सिस्टमध्येही कधी जंतू शिरतात. तेव्हा ती हुबेहूब गळवासारखी ठणकते. गोळ्यांनी जंतू कमी होतात, सूज उतरते, पिशवी जागच्या जागी. पेशंट मेडिकलवाल्याचे आभार मानतो आणि दोन-चार वर्षांनी शेजारचा दात सरकला किंवा हिरडीवर बोट दाबताच पातळ झालेलं हाड अंड्याच्या कवचासारखं कुरकुरलं, की येतो. "पण दुखत तर नव्हतं!" नव्हतंच. सिस्टचा स्वभावच तो. (गळवाचा फोड हिरडीवर फुटला की तेही दुखायचं थांबतं, कारण पुवाला वाट मिळते. मेलेला दात तसाच असतो.)

माझी दुसरी चीड म्हणजे एक्स-रेवरचा काळा ठिपका पाहून 'सिस्ट आहे' असं छातीठोक सांगणं. मुळाच्या टोकाशी नुसती दाहाची गाठ असली तरी ठिपका तसाच दिसतो. उलट नव्या गळवात पहिले काही दिवस एक्स-रे जवळजवळ साफ असू शकतो. ठिपका सेंटिमीटरहून मोठा आणि कडा रेखीव असेल तर संशय वाढतो, इतकंच.

म्हणून लहान ठिपक्यासाठी मी आधी रूट कॅनाल करतो आणि सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा एक्स-रे काढतो. बरेच ठिपके एवढ्यावरच भरून येतात. नुसता दात उपटणं हा उपाय नव्हे. पिशवी मागे राहिली तर दाताविनाही वाढते. मोठी सिस्ट अस्तरासकट काढावी लागते. जबड्यातल्या नसेला किंवा सायनसला चिकटलेली असेल तर आधी तिला खिडकी पाडून आकसू देतात.

टाळायचं कसं? कीड लहान असताना दात भरून घ्या. लहानपणी पडून मार लागलेला पुढचा दात काळपट पडला असेल तर दुखत नसला तरी दाखवा; वरच्या पुढच्या दातांच्या सिस्ट मी अशाच पाहिल्या आहेत. अक्कलदाढेची सिस्ट मात्र वेगळी. ती हाडात अडकलेल्या, धडधाकट दाढेच्या डोक्याभोवती होते, तिथे ब्रश काही करू शकत नाही. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला तरच कळते.

आणि काढलेली पिशवी तपासायला गेलीच पाहिजे, यावर मी हुज्जत घालतो. केराटोसिस्ट नावाचा एक प्रकार दिसायला साधा, पण पुन्हा पुन्हा उगवणारा. इतका, की जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये त्याला ट्यूमरच्या यादीत टाकलं आणि २०१७ मध्ये परत सिस्टमध्ये आणलं. तो सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखू येतो. ऑपरेशननंतर बिलाआधी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागा.