धावेपासून रेडियलपर्यंत: टायरचं माप आणि किलोमीटरचा काटा

यवतमाळ, वर्धा, वाशीमकडच्या खेड्यांत लग्नाला, दवाखान्याला गाडी ठरते ती बरेचदा बोलेरो, आणि भाडं ठरतं किलोमीटरवर. निघताना मीटर पाहायचं, परतल्यावर पाहायचं, मधल्या आकड्याला दराने गुणायचं. या गाडीचा कंपनीचा टायर २१५/७५ आर १५. तो झिजला की गाडी जरा उंच दिसावी, खड्ड्यात बरी चालावी म्हणून काही मालक २३५/७५ आर १५ टाकतात. टायर बसतो, गाडीला रुबाब येतो. पण त्या दिवसापासून १५० किलोमीटरची फेरी मीटरवर १४४ भरते. ६ किलोमीटरचं डिझेल जळतं आणि भाडं मिळत नाही. दिवसाला एक फेरी धरली तरी महिन्याला ही रक्कम बारीक राहत नाही.

याचं कारण असं की गाडी रस्ता मोजतच नाही. ती चाकाचे फेरे मोजते आणि एका फेऱ्याची लांबी ठरलेली आहे असं धरून चालते. टायर मोठा झाला की तेवढ्याच रस्त्यात फेरे कमी पडतात. ही युक्ती मोटारीहून फार जुनी. देशाची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ साली मोजणीच्या प्रवासातच आपल्या हिंगणघाटला वारले. त्यांचं काम साखळीचं आणि कोनांचं होतं. पण त्याच काळात मुलखातल्या वाटांची लांबी काढायला मोजणीदार दांड्याचं एक चाक ढकलत चालत, आणि त्याचे फेरे यंत्रात नोंदले जात. त्या चाकाचा घेर चुकला असता तर नकाशावरचं अंतरही चुकलं असतं. बोलेरोचं मीटर आज तेच करतं.

बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या काळात मापाचा प्रश्न फक्त बसण्याचा होता. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची तर लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवायचा, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायचा, फुगली की चाकावर बसवून पाणी ओतायचा. आवळलेली धाव सगळे जोड घट्ट धरायची. विदर्भाच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आटलं की हीच धाव खडखडायला लागायची. बसण्यात थोडीही कसर राहिली तर चाक ते सांगतंच, हे आपल्या लोकांना टायर येण्याआधीपासून ठाऊक होतं.

हवेच्या चाकाची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये मांडली, पण ती मागे पडली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलप यांनी सायकलसाठी ती पुन्हा आणली आणि या वेळी ती टिकली. रबरी टायरच्या बैलगाडीला अनेक भागांत डनलप गाडी म्हणतात, ते त्यांच्याच नावावरून.

जुन्या जीपचा टायर होता ६.००-१६. म्हणजे ६ इंच रुंद, १६ इंचांच्या रिमवर बसणारा. उंचीचा आकडा त्यात नाही, कारण टायरच्या बाजूची उंची जवळपास रुंदीइतकीच असायची. आत धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे टाकलेले. आपल्याकडे याला नायलॉन टायर म्हणतात. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियलचं पेटंट घेतलं आणि १९४९ मध्ये तो बाजारात आणला. त्यात धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली वेगळा पट्टा असतो. त्यामुळे बाजू लवचीक राहते आणि तळ ताठ. पुढे टायर कमी उंचीचे करता आले आणि उंचीचा आकडा वेगळा लिहावा लागला. दुकानात ज्याला सिरीज म्हणतात तो हाच. भारतात जे. के. टायरने १९७७ मध्ये रेडियल बनवायला घेतला. खेड्यापर्यंत तो पोचला मारुतीनंतरच्या गाड्यांबरोबर.

आता २१५/७५ आर १५ वाचू. रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ७५ टक्के म्हणजे १६१, आर म्हणजे रेडियल, रिम १५ इंच. रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिम इंचात, अशी खिचडी आजही चालते. मिशेलिनने १९७५ मध्ये मिलिमीटरचे रिम काढून पाहिले, पण ते रुजले नाहीत. दोन्ही बाजूंची उंची आणि रिम मिळवली की टायरची एकूण उंची येते ७०३ मिलिमीटर. जुन्या जीपचा टायर २८ इंच, म्हणजे ७११ मिलिमीटरच्या आसपास. रिम इंचाने लहान झाला, पण रस्त्यापासून आसाची उंची जवळपास तीच राहिली. मला यात योगायोग दिसत नाही. आपल्या रस्त्यांना तेवढी उंची लागतेच. २३५/७५ ची उंची होते ७३३. फरक सव्वाचार टक्के, आणि मघाचे ६ किलोमीटर यातच गेले.

वेगाचा काटाही याच फेऱ्यांवर चालतो. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. गिअरबॉक्सपासून आलेली केबल एक चुंबक फिरवते, चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतो, आणि बारीक स्प्रिंग वाटीला मागे खेचते. दोघांच्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. नव्या गाड्यांत केबलच्या जागी सेन्सर आहे, पण एका फेऱ्याची लांबी त्यालाही आधीच सांगून ठेवलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, थोडा जास्त दाखवलेला चालतो. म्हणून कंपन्या काटा जरा पुढे ठेवतात. मोठा टायर टाकला की ही राखीव जागा संपते. टायर घासला तर उलट होतं: नव्या टायरची ८ मिलिमीटर गोटी, म्हणजे रस्त्याला टेकणारी नक्षी, झिजून कायद्याच्या किमान १.६ वर आली की लहान कारच्या चाकाची उंची २ टक्के घटते आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतं. हा झिजेचा फरक कोणालाच टाळता येत नाही. त्यामुळे नवा टायर निवडताना उंचीचा फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवतात.

पण काटा बरोबर दाखवतो म्हणजे टायर बरोबर आहे, असं नाही. स्विफ्टच्या १६५/८० आर १४ ची उंची ६२० मिलिमीटर. त्याऐवजी चकचकीत अलॉय रिमवर १९५/५५ आर १६ टाकला तर उंची ६२१, काट्याला काही कळतच नाही. बाजूची भिंत मात्र १३२ वरून १०७ वर येते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटा घेतो, कडेला तुटतो. त्या तुटलेल्या कडेवरून गाडी उतरली की गेलेल्या २५ मिलिमीटरचा हिशेब रिम चुकवतो: टायर रिम आणि दगडात चेपून बाजूला कापला जातो, नाहीतर रिमच वाकतो. गावात राहणाऱ्याने हा बदल करू नये, असं माझं ठाम मत आहे.

रुंद टायरचं दुखणं पांदणीवर कळतं. कोरड्यात मडगार्डला न लागणारा टायर पावसाळ्यात वावरातून येताना चिखलाचा थर घेऊन फिरतो. चाक आणि मडगार्डमधली जागा भरते, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की घासल्याचा आवाज येतो, आणि कधी चाक जामच होतं. शिवाय रुंद टायर जुन्याच अरुंद रिमवर चढवला तर त्याच्या बाजू फुगतात आणि तो मधोमध जास्त झिजतो. उंच टायरने चिखलदऱ्याच्या घाटात गाडी जड वाटते, कारण प्रत्येक गिअरमध्ये चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं.

मूळ रचना बदलण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चं बंधन आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठळक केलं. समृद्धी महामार्गावर, जिथे कारला १२० ची मर्यादा आहे, टायर फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही. तिथे चुकीचा टायर खेड्यातल्या रस्त्यापेक्षा महागात पडतो. कंपनीने कोणती मापं मान्य केली आहेत ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं.

चार टायर बदलणारे बहुतेक जण पाचवा विसरतात. स्टेपनी हे नाव वेल्समधल्या लानेली गावच्या एका रस्त्याचं. १९०४ च्या सुमारास तिथेच जादा चाक बनायला लागलं. बाभळीचा काटा घुसून मागचं चाक बसलं आणि २३५ च्या जोडीला जुनी २१५ ची स्टेपनी लागली, तर एकाच आसावर दोन उंचींची चाकं फिरतात. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलला मग सरळ रस्त्यावरही सतत तेच काम करावं लागतं. पंक्चरच्या दुकानापर्यंत तेवढं चालतं. तिथून पुढे चाक बदलूनच निघायचं.