एम्बामर (व्यवसाय)

मृतदेह काही दिवस कुजू नये, नातेवाइकांना नीट अंत्यदर्शन घेता यावे किंवा पार्थिव दूरदेशी पाठवता यावे, यासाठी रक्तवाहिन्यांतून रसायने सोडून देह टिकवण्याच्या प्रक्रियेला एम्बामिंग म्हणतात. ते करणारी प्रशिक्षित व्यक्ती म्हणजे एम्बामर. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमध्ये हा स्वतंत्र पेशा आहे. भारतात तो मुख्यतः मेडिकल कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी (शरीररचनाशास्त्र) विभागात इतर कामांबरोबर सांभाळला जातो.

शवविच्छेदनाशी याची गल्लत होते. शवविच्छेदन मृत्यूचे कारण शोधण्यासाठी असते आणि ते न्यायवैद्यक डॉक्टर करतात. एम्बामिंग त्यानंतरचे. मृत्यू संशयास्पद असेल तर हा क्रम पाळावाच लागतो. एकदा रसायने अंगात गेली की विषाचा माग काढणे अवघड होते. अमेरिकेत पूर्वी एम्बामिंगसाठी आर्सेनिक हे विषच वापरत. खून पचवायला यापेक्षा सोयीचे काय असणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या राज्यांनी आर्सेनिकवर बंदी घातली, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

प्राचीन इजिप्तमध्ये देह नेट्रॉन या क्षारात सुकवून लेपत. हा विधी सुमारे ७० दिवस चाले. आजच्या पद्धतीचा त्याच्याशी संबंध नावापुरताच. धमनीतून द्रव सोडण्याची कल्पना शरीररचनेच्या अभ्यासकांची आहे आणि अठराव्या शतकात लंडनच्या विल्यम हंटर यांनी ती रुळवली. तिचा पेशा झाला तो अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५). दक्षिणेत पडलेल्या सैनिकांचे देह उत्तरेतल्या घरी पोचवायचे तर रेल्वेने बरेच दिवस लागत. मे १८६१ मध्ये मारले गेलेले कर्नल एल्मर एल्सवर्थ यांच्या देहावर टॉमस होम्स यांनी एम्बामिंग केले आणि युद्धभर हे काम सुरू ठेवले. चार हजारांहून अधिक देहांवर आपण काम केले, असे त्यांचे म्हणणे होते. १८६५ मध्ये अध्यक्ष लिंकन यांचा एम्बामिंग केलेला देह वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला रेल्वेने नेताना वाटेतल्या शहरांत लोकांनी दर्शनासाठी रांगा लावल्या, तेव्हा ही पद्धत सामान्य माणसाने डोळ्यांनी पाहिली. १८८२ मध्ये सिनसिनाटीत तिचे शिक्षण देणारी शाळा निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फॉर्मल्डिहाइड हाती आले आणि आजवर तेच मुख्य रसायन राहिले आहे.

प्रत्यक्ष काम सुरू होते देह धुण्यापासून. जंतुनाशकाने सर्वांग पुसून घेतात. हातपाय ताठले असतील तर सांधे हलवून, चोळून सैल करतात. मग चेहरा. पापण्यांखाली छोट्या खवलेदार वाट्या बसवतात म्हणजे डोळे मिटलेले राहतात. तोंड आतून टाका घालून किंवा तारेने बंद करतात. हे आधीच करावे लागते, कारण द्रव आत गेल्यावर ऊती घट्ट होतात आणि चेहरा जसा ठेवला तसाच राहतो. ओठ किंचित जास्त आवळले गेले तर माणूस रागावलेला दिसतो. म्हणून कसबी एम्बामर घरच्यांकडून फोटो मागून घेतो, तोही शक्यतो अलीकडचा.

त्यानंतर गळ्याशी, गळपट्टीच्या हाडालगत छोटा छेद घेऊन मानेतली धमनी आणि शीर वर काढतात. धमनीतून यंत्राच्या दाबाने द्रव आत जातो, शिरेतून रक्त बाहेर पडते. द्रवात फॉर्मल्डिहाइडबरोबर अल्कोहोल, ओलावा राखणारी द्रव्ये आणि गुलाबी रंग असतो. हा रंग नुसता शोभेचा नाही. नखांखाली, कानाच्या पाळीत, ओठांत हळूहळू गुलाबीपणा आला की द्रव तिथवर पोचला हे कळते. एखादे बोट पांढरेच राहिले तर वाटेत गुठळी आहे असे समजायचे. मग हात चोळायचा, आणि तरी जमले नाही तर काखेतली धमनी वेगळी उघडायची. शवविच्छेदन झालेल्या देहात रक्तवाहिन्यांचे जाळे तुटलेले असते, त्यामुळे दोन्ही हात, दोन्ही पाय आणि डोक्याच्या दोन बाजू अशा सहा ठिकाणांहून द्रव द्यावा लागतो. शेवटी ट्रोकार नावाची लांब पोकळ सुई घालून छाती-पोटातले द्रव आणि वायू शोषून घेतात व तिथे तीव्र द्रव भरतात. साध्या देहाला दोनेक तास पुरतात, अपघातातल्या देहाला पूर्ण दिवसही लागू शकतो.

प्रत्येक देहाचे गणित वेगळे असते. काविळीने गेलेल्या माणसावर नेहमीचा द्रव वापरला तर त्वचा हिरवी पडते, कारण फॉर्मल्डिहाइडमुळे पित्तातल्या पिवळ्या रंगद्रव्याचे हिरव्यात रूपांतर होते. सूज असलेल्या देहाला तीव्र द्रव लागतो, कृश आणि कोरड्या देहाला सौम्य. मेणाने नाक-कान पुन्हा घडवणे, जखम बुजवणे, केस विंचरून नेहमीसारखा भांग पाडणे हेही त्याच्याच कामात येते. रसायनशास्त्र आणि हाताची कारागिरी इतकी एकत्र फार थोड्या पेशांत सापडते.

अमेरिकेत एम्बामर व्हायचे तर साधारण दोन वर्षांचा मॉर्च्युअरी सायन्सचा (मृतदेह आणि अंत्यविधी-व्यवस्थेच्या शास्त्राचा) अभ्यासक्रम, राष्ट्रीय परीक्षा, एक ते तीन वर्षांची उमेदवारी आणि राज्याचा परवाना असा रस्ता आहे. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र आणि रसायनशास्त्राबरोबर चेहऱ्याची पुनर्रचना, अंत्यविधीचे कायदे आणि शोकाचे मानसशास्त्रही शिकवतात. तपशील राज्यागणिक बदलतात. ब्रिटनमध्ये कायद्याने परवाना बंधनकारक नाही, पण १९२७ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश इन्स्टिट्यूट ऑफ एम्बामर्सच्या सदस्यत्वाला मान आहे. या वाटेला जाऊ पाहणाऱ्याने एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी: अमेरिकेत आता दफनापेक्षा दहन जास्त होते, आणि १९८४ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमानुसार ‘एम्बामिंग कायद्याने सक्तीचे आहे’ असे खोटेच सांगून ते कुटुंबाच्या गळ्यात मारता येत नाही. केवळ एम्बामिंगवर पोट भरणे त्यामुळे कठीण होत चालले आहे. बरेच जण अंत्यविधी व्यवस्थापनाचा परवानाही घेतात.

धोका खरा आहे आणि तो झाकून ठेवू नये. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये मानवात कर्करोग घडवणारे रसायन ठरवले. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जितकी जास्त वर्षे एम्बामिंग केले तितके एका प्रकारच्या रक्तकर्करोगाने मरण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. तिथल्या नियमाने आठ तासांच्या पाळीत हवेतले सरासरी प्रमाण दहा लाख भागांत ०.७५ भागापेक्षा जास्त असता कामा नये. डोळे झोंबणे ही सवय करून घ्यायची गोष्ट नव्हे. टेबलाच्या पातळीवरून हवा ओढून घेणारी व्यवस्था, रसायनाला न विरघळणारे हातमोजे, चेहऱ्यावर ढाल आणि हिपॅटायटिस बीची लस नसेल तिथे काम स्वीकारू नये.

भारतात हिंदूंचे दहन बहुधा त्याच दिवशी होते, मुस्लिमांचे दफन लवकर होते आणि पारशांचे विधीही लांबत नाहीत. त्यामुळे एम्बामिंगची गरज रोजची नाही. ती पडते देह विमानाने न्यायचा असतो तेव्हा, किंवा लोकदर्शनासाठी ठेवायचा असतो तेव्हा. डिसेंबर २०१६ मध्ये जयललितांच्या देहावर मद्रास मेडिकल कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमीच्या प्राध्यापिकेने एम्बामिंग केले होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये श्रीदेवींचे पार्थिव दुबईहून मुंबईला येईपर्यंत वृत्तवाहिन्यांनी हा शब्द घराघरांत पोचवला. आखातात, बोटीवर किंवा अमेरिकेत नोकरीला असलेला मुलगा दगावतो तेव्हा कोकणातल्या, गोव्यातल्या घरांना हा शब्द फार वेगळ्या रीतीने कळतो: मृत्यूचा दाखला, ना हरकत प्रमाणपत्रे, एम्बामिंगचे प्रमाणपत्र आणि शवपेटी सीलबंद केल्याचा दाखला हाती आल्याशिवाय पार्थिव विमानात चढत नाही. भारतात येणाऱ्या पार्थिवाला १९५४ चे भारतीय विमान (सार्वजनिक आरोग्य) नियम लागू होतात.

अमेरिकेसारखा एम्बामरचा स्वतंत्र परवाना भारतात नाही. या कामाकडे वळायचे तर एमबीबीएसनंतर अ‍ॅनाटॉमीत एमडी, वैद्यकीय अ‍ॅनाटॉमीत एमएस्सी किंवा विभागात तंत्रज्ञाची नोकरी, हेच मार्ग. तिथे हात बसतो तो प्रामुख्याने देहदानातून आलेल्या देहांवर. विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी ते वर्ष-दोन वर्षे टिकवायचे असतात. द्रवाची मात्रा जास्त, बहुतेकदा मांडीतल्या धमनीतून दिलेली, आणि देह कडक व करडा झाला तरी चालते. दर्शनासाठीच्या देहाला नेमके उलटे हवे असते: मोजका द्रव, मऊ त्वचा, ओळखीचा चेहरा. हा दुसरा भाग आपल्याकडे पद्धतशीर शिकवला जात नाही, आणि घरच्यांच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा आहे. अ‍ॅनाटॉमी विभागांनी चेहऱ्याच्या पुनर्रचनेसह सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला तर शिकवणारे हात तिथे आधीपासूनच आहेत.