चौकट एक, मूल दोघांचे: अमेरिकेतल्या वंशनोंदीची पार्श्वभूमी

न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या मराठी घरांत गोरी सून, काळा जावई याचे आता फारसे नवल उरलेले नाही. पेच पडतो तो नातवंडाचे नाव शाळेत घालताना. फॉर्मवर वंशाचा रकाना असतो आणि आजी विचारते, "आता ह्याचं काय लिहिणार?"

'एका थेंबा'चा नियम, म्हणजे काळ्या रक्ताचा एक थेंब असला तरी माणूस काळाच, त्यात फार शिरत नाही. १९३० च्या जनगणनेतली सूचना तेवढी लक्षात ठेवावी: गोऱ्या-काळ्यांच्या संततीत काळे रक्त कितीही कमी असो, नोंद 'नीग्रो' अशीच करायची. त्याच तक्त्यात आपल्याकडच्या लोकांचा वंश 'हिंदू' होता, मग माणूस शीख असो की मुसलमान. प्रगणक दारात उभा राहून चेहरा बघायचा आणि लिहायचा. लोक स्वतःचा वंश स्वतः लिहू लागले ते १९६० पासून. आंतरवंशीय विवाहांवरची बंदी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हाही ती १६ राज्यांत लागू होती.

खरा घोळ १९७७ चा. सरकारी आकडेवारीसाठी त्या वर्षी चार वंश ठरले आणि माणशी एकच खूण, असा दंडक झाला. मिश्र संततीचे काय? तर समाजात ती व्यक्ती ज्या गटातली म्हणून ओळखली जाते, तो गट लिहावा! म्हणजे लेखणी घरच्यांच्या हाती आली, पण उत्तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून द्यायचे. आई स्वतःच्याच बाळाला बागेत फिरवत असताना "तुम्ही सांभाळायला येता का?" असे विचारणाऱ्या बाईचे मत या नियमाने ग्राह्य धरले.

जन्मनोंदींच्या आकडेवारीत तर वेगळेच गणित. आईवडिलांपैकी एक गोरे असेल तर बाळ दुसऱ्याच्या वंशात जायचे. १९८९ पासून आईचाच वंश धरू लागले. त्यामुळे आई गोरी, वडील काळे अशा घरात १९८८ चा थोरला काळ्यांत मोजला गेला आणि १९९० चा धाकटा गोऱ्यांत. दोघांच्या अंगात एकमेकांचे शर्ट सहज बसत असतील.

याविरुद्ध नव्वदच्या दशकात आवाज उठवला तो प्रामुख्याने आयांनी. 'मिश्रवंशीय' अशी स्वतंत्र चौकट द्या, एवढीच मागणी. ओहायो, जॉर्जिया अशा काही राज्यांनी शाळांच्या फॉर्मांसाठी कायदेही केले. पण वॉशिंग्टनमध्ये विरोध झाला, आणि तोही नागरी हक्कांसाठी झगडलेल्या संघटनांकडून. मतदारसंघांची आखणी, नोकरीतल्या भेदभावाचे खटले, सगळे याच आकड्यांवर उभे. माणसे नव्या चौकटीत गेली की काळ्यांचा आकडा घटणार. भीती निराधार नव्हती. तरीही हिशेब सांभाळायची जबाबदारी पहिलीतल्या पोरावर का, हे कोणी नीट सांगितले नाही.

ऑक्टोबर १९९७ मध्ये तोडगा निघाला: नवी चौकट नाही, मात्र हव्या तितक्या चौकटींवर खूण करा. २००० च्या जनगणनेत ६८ लाख लोकांनी एकाहून अधिक खुणा केल्या. मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये एक परिपत्रक निघाले होते. नागरी हक्कांच्या अंमलबजावणीपुरते, गोरा आणि एक अल्पसंख्य वंश अशा दोन खुणा असतील तर व्यक्ती अल्पसंख्य गटात धरावी. हेतू चांगला होता, पण रीत जुन्या थेंबाचीच.

२०२० मध्ये हा आकडा ३ कोटी ३८ लाखांवर गेला. लग्ने एवढी वाढली नव्हती. उत्तरे नोंदवण्याची पद्धत बदलली, हे मोठे कारण. जुलै २०२४ मध्ये आई भारतीय आणि वडील जमैकन असलेल्या अध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिस यांच्याबद्दल, त्या अचानक काळ्या झाल्या, असे प्रतिस्पर्धी डोनाल्ड ट्रम्प भर सभेत म्हणाले, तेव्हा १९७७ ची ती सूचना आठवल्याशिवाय राहिली नाही.

आणि आजीने रकाना कोराच ठेवायचे ठरवले तर? शाळांसाठी २००७ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत त्याचीही सोय आहे: पालकांनी वंश लिहिला नाही, तर शाळेतल्या कोणीतरी मुलाकडे बघून लिहावा.